पत्ता बरोबर होता

“रामाला भाला मारा,” नाना म्हणाले.

“उलटं वाचलं तरी तेच! आता माझं. ती होडी जाडी होती,” नातवाने लगेच उत्तर दिले.

१९९८ सालचा श्रावण. इंदूरच्या एका जुन्या वस्तीतले दोन खोल्यांचे घर. वीज गेलेली. ओट्यावर आजोबा आणि नातू यांचा उलटसुलट वाक्यांचा खेळ रंगला होता. आत स्वयंपाकघरात कंदिलाच्या उजेडात घरातली सून वहीत डोके खुपसून बसली होती. तिच्यापुढेही नेमके हेच कोडे होते. शब्द उलटा करायचा. फरक इतकाच, की तो तिने स्वतः उलटा करायचा नव्हता, संगणकाकडून करून घ्यायचा होता.

नऊ वर्षांच्या मुलाला जे तोंडी जमते, ते यंत्राला शिकवायला बी. एस्सी. झालेल्या बाईला चार दिवस पुरत नाहीत, याची तिला मनातून लाज वाटत होती.

तिचे वय तेव्हा चौतीस. अमरावतीला गणित घेऊन ती पदवीधर झाली होती. लग्न होऊन इंदूरला आल्यावर गणिताचा उपयोग दूधवाल्याच्या आणि वाण्याच्या हिशेबापुरता उरला. नवरा कापड गिरणीत हिशेबनीस होता. गिरणी बंद पडली आणि घरातले सगळे आकडे एकाएकी लहान झाले. तो आता दोन दुकानांच्या वह्या लिहीत असे. पण घर खऱ्या अर्थाने चालत होते ते नानांच्या पेन्शनवर. नाना रेल्वेत गार्ड होते. उभी हयात इटारसीला गेली. १९९१ साली निवृत्त झाले आणि इंदूरला मुलाकडे आले.

संगणकाच्या क्लासचा कागद नानांनीच चौकातून आणला होता. “सूनबाई, तुझं गणित झालंय. बघ जमतंय का,” एवढेच ते म्हणाले. पाचव्या वेतन आयोगानंतर पेन्शनची जी थकबाकी हाती आली, तिच्यातून त्यांनी फी भरली. नवरा काही बोलला नाही. पण त्या पैशांत छपराची गळती निघाली असती, हे तिघांनाही ठाऊक होते.

क्लासमध्ये सगळी एकोणीस-वीस वर्षांची मुले. ती तिला ‘काकू’ म्हणत आणि आपणहून मधली खुर्ची देत. एका यंत्रावर दोघे बसत, रोज प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येई. म्हणून ती घरी वहीत सगळे लिहून नेत असे, एकेक ओळ बोटाने तपासून. अशातच क्लासच्या चालकांनी सांगितले, की सकाळी बायकांसाठी नवा वर्ग काढायचा आहे. त्यावर शिकवायला एक जागा आहे, महिना बाराशे रुपये. शनिवारी परीक्षा. सरावासाठी दिलेल्या प्रश्नांत एक होता : ‘एक शब्द घेऊन तो उलटा करून परत देणारे फंक्शन सी भाषेत लिहा.’

सी ही संगणकाला सूचना देण्याची भाषा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास घडवली. ब्रायन कर्निगन आणि रिची या दोघांचे तिच्यावरचे पुस्तक १९७८ साली आले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात संगणक शिकायचा म्हणजे सी शिकायची, असेच समीकरण होते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक तर क्लासला जाणाऱ्या कितीतरी मुलांच्या पिशवीत असे.

या भाषेचा स्वभाव एखाद्या कडक सासूसारखा आहे. ती काही लपवत नाही, पण आपणहून काही करूनही देत नाही. शब्द ठेवायला जागा किती लागेल, ती कुठे असेल, कधीपर्यंत राहील, हे सगळे आपणच पाहायचे. आणि ‘फंक्शन’ म्हणजे एका ठरावीक कामाला नेमलेला गडी. नाव घेऊन हाक मारायची, सामान हातात द्यायचे, तो काम करून जे परत देईल ते घ्यायचे.

तिने सरावाला शब्द घेतला ‘इटारसी’. इंग्रजी लिपीत त्याची सहा अक्षरे : आय, टी, ए, आर, एस, आय. सहा खणांत सहा अक्षरे. शेवटच्या खणातले उचलून नव्या रांगेत पहिल्या खणात ठेवायचे, त्याच्या आधीचे दुसऱ्यात, असे करत जायचे. वहीत तर अगदी बरोबर दिसत होते.

सोमवारी यंत्रावर घातले. चूक एकही निघाली नाही. काळा पडदा आला आणि त्यावर काहीच उमटले नाही. उलटे नाही, सुलटे नाही, एक अक्षरसुद्धा नाही. अर्धा तास संपला आणि ती उठली.

त्या रात्री जेवताना नानांनी विचारले, “काय झालं गं?”

तिने सांगितले. संगणकात शब्द सहा अक्षरांचा असला तरी खण सात लागतात. सातव्या खणात एक शून्य ठेवलेले असते. ते छापून दिसत नाही. पण शब्द कुठे संपला हे यंत्राला त्या शून्यावरूनच कळते.

“म्हणजे गाडीची शेवटची पाटी,” नाना म्हणाले.

“कुठली पाटी?”

नानांनी ताटातला हात थांबवला. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्याच्या पाठीला इंग्रजी एल आणि व्ही या अक्षरांची पाटी लावलेली असते, म्हणजे शेवटचे वाहन. रात्री लाल दिवा. स्टेशनवरचा माणूस गाडी समोरून जाताना डबे मोजत बसत नाही. तो ती पाटी पाहतो. पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मध्ये कुठे तुटून मागे राहिली नाही. मग मागचा रस्ता मोकळा झाला असे कळवायचे.

“आणि एखाद्या स्टेशनावर गाडी उलट्या दिशेने निघाली तर?” तिने विचारले.

“तर इंजिन इकडचं तिकडे. पाटीही आता जो डबा शेवटचा झाला त्याला. पहिला डबा येतानाच पाटी दिसली, तर स्टेशनवाला म्हणेल, गाडी संपली.”

तिने हातातली पोळी तशीच ठेवली. सातव्या खणातले शून्यही अक्षरच समजून तिने उचलले होते आणि नव्या रांगेत सर्वांत पुढे नेऊन ठेवले होते. यंत्राने पहिला खण पाहिला, तिथे शून्य. शब्द संपला! छापायला काही उरलेच नव्हते. पुढची सहाही अक्षरे उलट्या क्रमाने नीट उभी होती, पण ती पाहायला कोणी पुढे आलेच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शून्याला हात न लावता फक्त सहा अक्षरे उलटवली, आणि शून्य शेवटी वेगळे ठेवले. खात्रीसाठी फंक्शनच्या आतच शब्द छापून पाहिला. आय, एस, आर, ए, टी, आय. अगदी बरोबर. शेजारचा मुलगा म्हणाला, “काकू, जमलं की!”

पण प्रश्नात ‘परत देणारे’ असे म्हटले होते. म्हणून तिने आतली छपाई काढली, शब्द मूळ प्रोग्रामकडे परत पाठवला आणि तिथे छापला. पडद्यावर एक हसरा चेहरा उमटला. त्यापुढे पत्त्यांतला बदाम, मग दोन-तीन अनोळखी चिन्हे. त्या काळच्या डॉस यंत्रणेत लहान आकड्यांना अशी चित्रे नेमून दिलेली होती. एकाला हसरा चेहरा, तिनाला बदाम. शब्दाच्या जागी काहीतरी भलतेच येऊन बसले, की यंत्र ते इमानाने छापून दाखवी. शेजारची मुले हसली. तीही हसली, पण तिच्या पोटात गोळा आला होता.

आत बरोबर, बाहेर चूक. उंबरठा ओलांडताना शब्दाचे काय होत होते?

शिकवणारा मुलगा बावीस वर्षांचा. तो म्हणाला, “काकू, कशाला डोकं शिणवता? शब्द उलटा करायला तयार फंक्शन आहे ना यात. तेच वापरा.” सल्ला खोटा नव्हता. क्लासमधल्या टर्बो सी मध्ये तसे तयार फंक्शन होते. पण ते त्या कंपनीने आपल्या मालाबरोबर दिलेले होते, सी भाषेच्या प्रमाण संचातले नव्हते. दुसऱ्या कंपनीचे साधन घेतले तर तिथे ते मिळेलच असे नाही. आणि तिला दुसऱ्यांना शिकवायचे होते. ‘का’ विचारणाऱ्या बाईला ‘तयार आहे, वापरा’ असे ती कोणत्या तोंडाने सांगणार होती?

बुधवार-गुरुवार तसेच गेले. पुस्तकात वाक्य सापडले : फंक्शनच्या आत घेतलेली जागा फंक्शन संपले की सुटते. परत जातो तो शब्द नव्हे, शब्दाचा पत्ता. वाक्य समजले, पण पटले नाही. पत्ता बरोबर असेल तर शब्द मिळायला हवा. पत्ता बरोबर आहे आणि शब्द नाही, हे कसे?

वीज गेली होती ती याच गुरुवारी रात्री. मुलगा खेळता खेळता नानांच्या मांडीवरच झोपला. त्याला आत निजवून ती ओट्यावर आली आणि नानांना विचारू लागली. खरे तर ती स्वतःलाच विचारत होती. “नाना, पत्ता अगदी बरोबर आहे. मी तपासला. त्या पत्त्यावर शब्द लिहिलेला मी डोळ्यांनी पाहिला. तिथून निघून बाहेर आले, आणि तोच पत्ता वाचला तर तिथे दुसरंच काहीतरी.”

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुला माझ्या आक्काचं माहीत नाही.”

आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. अकोल्याला असे. आई लवकर गेल्यावर तिनेच नानांना वाढवले. तिला जेमतेम लिहिता येई, तरी वर्षातून दोन कार्डे येत. कार्डावर इटारसीच्या रेल्वे कॉलनीचा पत्ता, क्वार्टरच्या क्रमांकासकट. तो नानांनीच तिला ठळक अक्षरांत लिहून दिला होता. तिने तो देवघरात जपून ठेवला होता.

“निवृत्त झालो. मुदतीत क्वार्टर सोडलं,” नाना सांगू लागले. “क्वार्टर आपलं नसतंच, सूनबाई. ड्यूटी आहे तोवर आपलं. चावी दिली की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा संसार तिथे. तुळशीवृंदावन मी बांधलेलं, पण पाणी दुसरा घालणार. त्यात गैर काही नाही. इथे आलो. म्हटलं, जरा घर लागू दे, छप्पर नीट होऊ दे, मग आक्काला नवा पत्ता कळवू, तिला बोलावूनच घेऊ. आज लिहू, उद्या लिहू करत चार महिने गेले. तिकडे ती आजारी पडली. तिने कार्ड घातलं. कुठे घालणार? मी दिलेल्या पत्त्यावर.”

“मग?”

“मग काय. पोस्टमन बरोबर गेला. क्रमांक बरोबर, ओळ बरोबर, दार बरोबर. आतली माणसं दुसरी. बिचाऱ्यांनी ते कोनाड्यात ठेवलं, कुणी इंदूरला जाणारा भेटला तर देऊ म्हणून. भेटला, पण दोन महिन्यांनी. कार्डावर एवढंच होतं, एकदा येऊन जा. मी गेलो तेव्हा तिचा महिना झाला होता.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. नाना पुढे म्हणाले, “कुणाचीच चूक नाही. पोस्टाची नाही, त्या नव्या माणसांची नाही, आक्काची तर नाहीच. पत्ता बरोबर होता. मीच तिला पत्ता दिला, आणि मीच जागा सोडली.”

ती काही बोलली नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. थोड्या वेळाने तिने नानांना पाण्याचा तांब्या आणून दिला आणि ते आत गेल्यावर कंदील घेऊन पुन्हा वहीपाशी बसली.

आता तिला उंबरठ्यावर काय घडते ते दिसत होते. फंक्शनला हाक मारली की त्याला काम चालू असेपर्यंत एक क्वार्टर मिळते. संगणकाच्या भाषेत त्या वसाहतीला स्टॅक म्हणतात. तिच्या फंक्शनने आपल्या क्वार्टरमध्ये सात खण मांडले, शब्द नीट उलटा लिहिला आणि क्वार्टरचा पत्ता परत पाठवून ड्यूटी संपवली. चावी गेली. मग बाहेर तो शब्द छापायला सांगितला, तर छापणे हेदेखील एक फंक्शनच! त्यालाही राहायला जागा हवी. ते त्याच मोकळ्या झालेल्या क्वार्टरमध्ये शिरले आणि आपला बाडबिस्तरा मांडून बसले. मग पत्ता वाचून दार ठोठावले, तर आतून हसरा चेहरा आणि बदाम बाहेर आले. ते तिचे नव्हतेच, नव्या बिऱ्हाडाचे सामान होते.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे, कधी कधी जुने सामान तसेच पडलेले असते आणि शब्द बरोबर निघतो. नवा भाडेकरू अजून आलेला नसतो, इतकेच. तेव्हा माणसाला वाटते, आपले बरोबर आहे.

शुक्रवारच्या अर्ध्या तासात तिने पुस्तकात सापडलेले सगळे मार्ग एकेक करून तपासले.

पहिला, जागेवरच उलटवण्याचा. कर्निगन-रिचींच्या पुस्तकातले शब्द उलटवणारे फंक्शन असेच आहे. दोन टोकांची अक्षरे आपापसांत बदलायची, मग त्यांच्या आतली दोन, असे मधोमध भेटेपर्यंत. नवी जागा लागतच नाही. पण मूळ शब्द हातचा जातो. सुलटाही हवा आणि उलटाही हवा, तर हा मार्ग कामाचा नाही.

दुसरा, ‘स्टॅटिक’ हा शब्द लिहून जागा कायमची राखून ठेवण्याचा. फंक्शन संपले तरी ती सुटत नाही. तिने करून पाहिले, शब्द बरोबर आला. मग गंमत म्हणून दोन शब्द एकदम उलटे करून एकाच ओळीत छापले. दोन्ही जागी एकच शब्द! नानांच्या बोलण्यात रनिंग रूम यायची, परगावी गेलेल्या गार्डांची विसाव्याची खोली. तिथे समजा एकच खाट असेल, तर पुढचा आला की आधीच्याने उठायचे. राखीव जागा तशीच, एकुलती एक.

तिसरा, ‘मॅलॉक’. हा यंत्रणेकडे नवी जागा मागतो. ती फंक्शनच्या ड्यूटीशी बांधलेली नसते. मागू तितक्या वेळा वेगळी जागा मिळते, निदान शिल्लक आहे तोवर. पण ही भाड्याची खोली. काम झाले की ‘फ्री’ म्हणून किल्ली परत करायची. घेतली फंक्शनने, पण परत करायची ज्याच्या हातात किल्ली आली त्याने. ते त्याला सांगितले नाही, तर खोल्या अडून राहतात आणि एक दिवस नव्या माणसाला जागाच उरत नाही.

चौथा मार्ग तिला पुस्तकात एका ओळीत सापडला, पण तो समजायला पुस्तकाची गरज नव्हती. घरी विरजण संपले की ती मुलाला शेजारच्या काकूंकडे पाठवत असे. रिकाम्या हाताने कधीच नाही. आपली वाटी देऊन. काकू वाटीत विरजण घालत, मुलगा तीच वाटी घेऊन परत येई. काकूंच्या घरचे भांडे इकडे अडकत नसे आणि कुणाचे काही हरवत नसे. ज्याला हवे त्यानेच जागा घेऊन यायची! मूळ प्रोग्रामने सात खणांची वाटी करायची, तिचा पत्ता फंक्शनला द्यायचा. फंक्शनने त्या वाटीत उलटा शब्द भरायचा आणि तोच पत्ता परत करायचा. वाटी हाक मारणाऱ्याच्या घरची, म्हणून फंक्शन ड्यूटी संपवून गेले तरी ती जागेवरच राहते. अट एकच, वाटी पुरेशी मोठी हवी आणि किती मोठी आहे ते सांगायला हवे. लहान वाटीत जास्त ओतले तर बाजूचे सगळे खराब होते.

शनिवारच्या परीक्षेला तिघे होते. दोन मुलांनी तयार फंक्शन वापरले. तिने आपले लिहिले. चालकांनी पडद्यावर पाहिले. इटारसी उलटे आले होते, सुलटेही शाबूत होते. त्यांनी विचारले, “शब्द एकच द्यायचा, तर तुम्ही फंक्शनला तीन गोष्टी का देता?”

“एक शब्द, दुसरी वाटी, तिसरं वाटीचं माप,” ती म्हणाली, आणि मग विरजणाची गोष्ट सांगितली. खोलीतली मुले हसली. चालकही हसले, पण त्यांनी ती गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली.

सोमवारपासून सकाळचा वर्ग तिच्याकडे आला. पहिल्या पगारातून नानांची फी फिटली नाही, पण पुढच्या पावसाळ्याआधी छप्पर झाले.

नाना २००६ साली गेले. त्यांचा लोखंडी पेटारा, गार्ड लोक गाडीवर नेत तो, अजून घरात आहे. २०१३ साली मुलाची नोकरी पुण्याला लागली आणि सगळे तिकडे जायला निघाले. सामान बांधायच्या आधी तिने कोपऱ्यावरच्या पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला. तोवर सगळ्यांकडे फोन होते, मुलगा हसलाही. तिने तरी प्रत्येक नातेवाइकाला नवा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून पाठवला, आणि मगच पहिली पेटी भरली.

आज ती साठीची आहे. गार्डांना रेल्वेने २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ हे नाव दिले आहे. डेनिस रिची २०११ साली गेले, पण त्यांची भाषा चालूच आहे. ती आता घरी दोन-चार मुलांना शिकवते. आजच्या साधनांत तिची ती जुनी चूक केली तर बहुधा आधीच इशारा मिळतो, की बाबा रे, तू आतल्या जागेचा पत्ता बाहेर पाठवतो आहेस. मुले तो इशारा वाचत नाहीत. मग ती त्यांना नानांची गोष्ट सांगते. आक्काची मात्र सांगत नाही, नुसत्या क्वार्टरची सांगते.

परवा आठ वर्षांची नात लॅपटॉपपाशी येऊन बसली. “आजी, माझं वाक्य उलटं कर ना. रामाला भाला मारा.” हे वाक्य तिला तिच्या बाबाने शिकवले होते.

आजीने शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून वाक्य मराठीत लिहिले आणि आपले जुनेच फंक्शन चालवले. पडद्यावर चौकटीच्या आकारात प्रश्नचिन्हे आली. नात खळखळून हसली. आजी मात्र सावरून बसली. आता संगणकात मराठी लिहिण्याची जी पद्धत रूढ आहे, ती १९९२ साली रिचींच्याच प्रयोगशाळेतले केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी बसवली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन खण लागतात. जुन्या फंक्शनने खण उलटवले, तेव्हा प्रत्येक चिन्हच आतून उलटेपालटे झाले.

तिने तीन-तीन खण एकत्र धरून पुन्हा उलटवले. आता अक्षरे आली, पण सुरुवातीला एक एकटा काना ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा, आणि शेवटी ‘रा’चा नुसता ‘र’ उरलेला. संगणकाला काना हे वेगळे चिन्ह वाटते. त्याने तो अक्षरापासून तोडला होता.

“याला कळतच नाही, उलटं वाचलं तरी तेच येतं म्हणून,” नात म्हणाली.

“कळेल. काना अक्षराच्या घरचाच, हे त्याला आधी सांगायला हवं. अक्षर आणि काना मिळून एक डबा. मग डबे उलटे लावायचे.”

“किती डबे?”

“सात.”

“मग वाटी सातची?”

“सात अक्षरं, सात काने, चौदा चिन्हं. प्रत्येकाला तीन खण. चौदा त्रिक बेचाळीस,” आजी म्हणाली.

नातीने वहीत बेचाळीस लिहिले. आजीने पेन्सिल घेऊन त्याचे त्रेचाळीस केले.

“एक जास्त कशाला?”

“शेवटच्या पाटीला,” आजी म्हणाली. “गाडी अख्खी आली, हे कळायला हवं ना.”